संत्र्याची कलमे आणि विक्रेत्याची जबाबदारी

नागपुरी संत्र्यास 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या लौकिकाचा पाया रोपवाटिकेतच घातला जातो. कलमाचा खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, डोळा कोणत्या झाडाचा, मुळाशी डिंक्या रोगाची बुरशी आहे काय, हे शेतकऱ्यास नुसते पाहून कळत नाही. फळे धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोवर गेलेला काळ भरपाईनेही परत मिळत नाही. म्हणून जे ग्राहकास तपासता येत नाही, त्याची जबाबदारी विक्रेत्याने घेतली पाहिजे. रोपवाटिकाधारकाने डोळे निरोगी मातृवृक्षाचेच घ्यावेत, ते जमिनीपासून सुमारे 25 सेंटिमीटर उंचीवर बांधावेत आणि रोगट कलमे विकण्याऐवजी नष्ट करावीत. शेतकरी बंधूंनी परवानाधारक रोपवाटिकेतूनच कलमे घ्यावीत. पावतीवर खुंटाची जात लिहून घेऊन ती जपून ठेवावी.