बघून झालं, आता करून बघूया!

रायपूरच्या पुरानी बस्तीपासून सुरू होणारी, मुलांच्या हातात माती देणारी एक सफर

मुलांना घेऊन शेवटचं वस्तुसंग्रहालयात कधी गेला होतात, आठवतंय? तिकीट काढलं, दोन-तीन दालनं भराभर पाहिली, एका मूर्तीसमोर फोटो काढला आणि बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं. घरी आल्यावर विचारलं, "काय काय पाहिलंस?" तर उत्तर बहुतेक वेळा आइस्क्रीमचंच येतं. यात मुलांची काही चूक नाही. जिथे प्रत्येक वस्तूसमोर "हात लावू नये" अशी पाटी असते, तिथे सात-आठ वर्षांच्या मुलाने लक्षात तरी काय ठेवायचं?

आज तुम्हाला अशा एका शहरात घेऊन जायचंय, जिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तुसंग्रहालयाच्याच आवारात मुलांच्या हातात माती दिली जाते. हे शहर म्हणजे रायपूर. नागपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर. आपली सफर मात्र संग्रहालयातून नाही, तर शहराच्या सगळ्यात जुन्या भागातून, पुरानी बस्तीतून सुरू करू.

क्लास नव्हते तेव्हाची शाळा

पुरानी बस्ती नावाप्रमाणेच जुनी. इथे महामाया देवीचं मंदिर आहे, जैतूसाव मठ आहे आणि जवळच दूधाधारी मठ. या मठाचे महंत बलभद्रदास फक्त दुधावर राहायचे, म्हणून मठाला हे नाव पडलं असं सांगतात. मठातल्या मंदिराच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवलेले आहेत. बस्तीतल्या एका बाजाराचं नाव तर ऐकाच: टूरी हटरी. छत्तीसगढीत टूरी म्हणजे मुलगी आणि हटरी म्हणजे छोटा बाजार.

अशा वस्तीत मुलांना कला शिकायला वेगळा क्लास लावावा लागत नसे. रामनवमीला आणि जन्माष्टमीला मठात गर्दी व्हायची, भजनं व्हायची, मालपुव्यांचा प्रसाद मिळायचा. दिवाळीच्या दिवसांत बायका टोपलीत धान आणि त्यावर मातीचा पोपट ठेवून दारोदार यायच्या, टोपलीभोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गायच्या. हा सुआ नाच. 'सुआ' म्हणजे पोपट. त्यातून मिळालेले धान-पैसे गौरा-गौरीच्या लग्नसोहळ्याला लागायचे.

वाचता वाचता तुम्हाला भोंडला आठवला का? किंवा विदर्भातली भुलाबाई? फेर तोच, टाळ्या त्याच, घरोघरी जाणंही तेच. फक्त हत्तीच्या किंवा भुलाबाईच्या जागी पोपट. आजीच्या शेजारी उभं राहून मुलगी फेर धरायची आणि तिसऱ्या वर्षी तिला सगळी गाणी पाठ असायची. आज गल्लीत तसा फेर क्वचितच दिसतो. आजी दुसऱ्या गावात, मुलगी फ्लॅटमध्ये. मग हे शिकायचं कुठे आणि कोणाकडून?

"हात लावा" म्हणणारं संग्रहालय

इथे वारसा केंद्रांचं काम सुरू होतं. रायपूरचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ साली सुरू झालं. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. संग्रहालयाच्या आताच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. आत सिरपूरला सापडलेल्या धातूच्या सुंदर बौद्ध मूर्ती आहेत. याच आवारात राज्याचा संस्कृती विभाग उन्हाळ्यात 'आकार' नावाचं शिबिर भरवत आला आहे. त्यात मातीकाम, चित्रकला, गोदना अशा पारंपरिक कला मुलांना आणि मोठ्यांनाही शिकवल्या जातात.

याने फरक काय पडतो? ढोकरा कलेचं उदाहरण घेऊ. बस्तरचे घडवा कारागीर आधी मातीचा गाभा करतात. त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या चिकटवून डोळे, दागिने, नक्षी घडवतात. मग वरून पुन्हा मातीचा लेप. भट्टीत तापवलं की मेण वितळून बाहेर येतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेलं पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा, तेव्हा आतली मूर्ती बाहेर येते. साचा फुटलेला असतो, म्हणून अगदी तशीच दुसरी मूर्ती कधीच होत नाही.

ही माहिती पाटीवर लिहिली तर मूल वाचून विसरेल. पण ज्या मुलाने एकदा मेणाची दोरी वळताना ती चार वेळा तोडली आहे, ते मूल संग्रहालयातल्या सिरपूरच्या मूर्तीसमोर आपणहून थांबतं. कारण त्याही मूर्ती मेण वितळवण्याच्या याच पद्धतीने ओतलेल्या आहेत, आणि ते काम किती अवघड असतं हे आता त्याच्या बोटांना माहीत असतं.

गोदनाचंही तसंच. अंगावर गोंदायची नक्षी सरगुजातल्या बायकांनी कापडावर आणि कागदावर उतरवली. त्यामुळे ती साड्यांवर आली, भिंतीवर लावायच्या चित्रांत आली, आणि मुलांना सुईशिवाय शिकताही येऊ लागली.

एका आईची गोष्ट

सरगुजातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांना कोणताच क्लास मिळाला नाही. लग्नानंतर अनेक वर्षं त्या घरातच एकट्या, जवळजवळ कोंडल्यासारख्या राहिल्या. मुलाला खेळणी नव्हती, म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली. मग बांबू आणि मातीच्या जाळ्या केल्या, भिंतींवर पक्षी, माणसं, प्राणी उठवले, आणि बघता बघता सगळं घर रंगीत झालं. १९८३ साली भोपाळच्या भारत भवनची माणसं त्यांच्या घरी पोहोचली आणि त्यांचं काम जगासमोर आलं. पुढे त्यांनी गावातल्या इतरांना शिकवलं. आज ही मातीची कला त्या भागात अनेक जण करतात.

विचार करा, सोनाबाईंनी शिकवलं नसतं तर? घर पडलं असतं आणि कलाही त्याबरोबर गेली असती. कला टिकते ती शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर बसल्यावर.

आपली कोणती, त्यांची कोणती?

छत्तीसगढमधल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना आधी आपलं शिकवायचं की इथलं? नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं या भागात आहेत. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. रायपूरमध्ये तात्यापारा ही मराठी वस्ती म्हणून ओळखली जाते, आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर माधवराव सप्रे यांच्या आयुष्यात सापडतं. मराठी घरातल्या या संपादकाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेलं. त्यांच्या नावाची शाळा आजही रायपूरच्या बूढा तलावाजवळ उभी आहे. आपलं शेजाऱ्याला दिलं आणि शेजाऱ्याचं आपलं मानलं, म्हणून त्यांचं मराठीपण कमी झालं नाही. तुमच्या मुलीने भोंडला आणि सुआ दोन्ही गायले, तर तिच्याकडे एकाऐवजी दोन फेर असतील.

हे रायपूरपुरतं नाही. तुम्ही इंदूरला, बेळगावला, हैदराबादला किंवा परदेशात असाल, तरी हेच लागू आहे.

पंधरा दिवसांनंतर काय?

खरी अडचण इथे आहे. शिबिर संपतं, प्रमाणपत्र मिळतं, मातीचा हत्ती टीव्हीशेजारी बसतो आणि जूनमध्ये शाळा सुरू होते. पुढच्या वर्षी दुसराच क्लास. पंधरा दिवसांत कला येत नाही, तिची फक्त ओळख होते. ओळख पुढे न्यायची की नाही, हे घरातल्यांच्या हातात असतं.

पुढे जायचं असेल तर वाट आहे. खैरागढला १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. तिथल्या राजघराण्याने आपल्या दिवंगत मुलीच्या, इंदिरेच्या, नावाने त्यासाठी आपला महाल दिला. पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे मराठी गुरू तिथे कुलगुरू होते. संगीत, नृत्य, चित्र, शिल्प आणि लोककला हे सगळं तिथे पदवीसाठी शिकता येतं.

क्लास निवडताना एवढं बघा

• शिकवणारी व्यक्ती ती कला स्वतः करते का? तिचं गाव, तिचे गुरू यांची मुलांशी ओळख करून द्या. मुलाला निदान शिक्षकाचं पूर्ण नाव तरी माहीत हवं.

• मुलं किती? एका शिक्षकामागे पन्नास मुलं असतील, तर हाताने करणं कमी आणि बघणंच जास्त होतं.

• शिबिरानंतर आठवड्यातून एक तास तरी सराव कुठे होईल, हे आधीच ठरवा. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं तरी मातीकामाला जागा होते.

• सरकारी शिबिरांच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी वेगळे असतात. एप्रिलमध्येच चौकशी करा, जागा लवकर भरतात.

• कारागिराकडून वस्तू घेताना घासाघीस नको. त्याचं घर चाललं तरच त्याचा मुलगा ही कला शिकेल.

• आजी-आजोबांनाही सोबत न्या. बऱ्याचदा पहिल्या दिवशी तेच म्हणतात, "अगं, हे तर आम्ही करायचो!"

यंदाच्या गणपतीत एक संध्याकाळ

शेवटी एक विनंती, खास मंडळांच्या कार्यकर्त्यांना. रायगढला गणेशोत्सवात चक्रधर समारोह होतो. कथकला स्वतःचं घराणं देणाऱ्या राजा चक्रधर सिंह यांच्या नावाचा हा उत्सव. गणपतीसमोर कलाकार बसवण्याची ही जुनी रीत आपलीही आहे. मग यंदा दहा दिवसांतली एक संध्याकाळ डीजेला सुट्टी देऊन पाहा. पंडवानीची मंडळी बोलवा. हातात तंबुरा घेऊन उभ्या राहिलेल्या तीजनबाईंनी ही महाभारताची गायकी जगभर नेली, तीच ही कला. किंवा सतनामी समाजाचं पंथी नृत्य ठेवा, मांदरच्या ठेक्यावर चढत जाणारं. जवळपास हे कलाकार नसतील, तर तुमच्या भागातला गोंधळी किंवा शाहीर बोलवा. मानधन ठरवताना मोठं मन ठेवा आणि कार्यक्रमानंतर मुलांना त्यांच्याजवळ बसू द्या.

एखादं मूल तंबुऱ्याच्या तारेला बोट लावेल, एखादं विचारेल, "मला शिकवाल?" त्या वेळी त्याला "हात लावू नको" म्हणू नका, एवढंच.