दोन डोळे मिळून एक नजर : मुलांचे डोळे वेळेत तपासा

एक प्रयोग करून बघा. दोन्ही हातांत एकेक पेन आडवं धरा. एक डोळा मिटा आणि दोन्ही पेनांची टोकं समोरासमोर टेकवा. बहुतेकांचा नेम चुकतो. दोन्ही डोळे उघडले की लगेच जमतं. सुईत दोरा ओवताना, अंधाऱ्या जिन्याची पायरी उतरताना, कपात चहा ओतताना हीच अंतराची जाण आपल्या कामी येते.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर अंतर असतं. म्हणून प्रत्येक डोळ्याला जरा वेगळं चित्र दिसतं. डोळ्यांमागच्या दोन नसा मेंदूकडे जाताना वाटेत एकत्र येतात. तिथे प्रत्येक नसेतले नाकाकडच्या बाजूचे तंतू पलीकडे जातात. त्यामुळे आपल्या उजवीकडचं दृश्य दोन्ही डोळ्यांतून मेंदूच्या डाव्या भागात पोचतं आणि डावीकडचं उजव्या भागात. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे, तिथे दोन्ही चित्रं जुळवली जातात. त्यांच्यातल्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ठरवतो.

ही जुळणी बाळ जन्मतःच घेऊन येत नाही. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ती सुरू होते आणि पुढे काही वर्षं पक्की होत जाते. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर तो उघडला, तरी मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दाद देईनात. मोठ्या मांजरांवर मात्र असा परिणाम झाला नाही. मेंदूच्या दृष्टीवरील संशोधनासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं.

माणसाच्या मुलांतही असंच घडतं. एका डोळ्याला जास्त नंबर असेल, तिरळेपणा किंवा मोतीबिंदू असेल, तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. दुसऱ्या डोळ्याने दिसत असल्याने मूल तक्रार करत नाही. वस्त्यांमध्ये आम्हाला अजून ऐकू येतं, "तिरळं पोर नशीबवान असतं, मोठं झालं की होईल सरळ." आयाबायांनो, ही वाट बघण्यातच उपचाराची वेळ निघून जाते.

या गोष्टींकडे लक्ष ठेवा :

• चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसणं
• मान वाकडी करून किंवा एक डोळा मिटून बघणं
• एक डोळा झाकला की मूल रडणं, हात ढकलणं
• बाहुलीत पांढरी चमक दिसणं. अशा वेळी एक दिवसही थांबू नका.

उपचार साधा असतो : चष्मा, आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मात्र लावू नका. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो. त्यानंतरही फायदा होऊ शकतो, म्हणून उशीर झाला तरी जाच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलं तपासायला येतं. ही तपासणी मोफत असते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. मुलगी असो की मुलगा, चष्मा लागला तर तो लावायला लाजू देऊ नका.