वऱ्हाडातली विलीज : माती, पाणी आणि पाना

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आज त्या रस्त्यावर कुठलीही गाडी पळते. पण महामार्ग सोडून पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावी भर पावसाळ्यात जायचं, तर पूर्वी भरवसा बैलगाडीचा किंवा जीपचा. बीडीओची जीप, जंगल खात्याची जीप, प्रचाराची जीप, पुढे प्रवासी कोंबून नेणारी काळी-पिवळी अशा नाना रूपांत या अमेरिकी गाडीने वऱ्हाडात संसार थाटला. तिची जुनी पिढी घरच्या अंगणात, ताडपत्रीखालून बाहेर काढून पुन्हा चालती करणं हे चिकाटीचं आणि आनंदाचं काम आहे.

अमेरिकी गाड्या आपल्याकडे तशा आधीपासूनच होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरलेटची जोडणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ, फार्गो रस्त्यावर आल्या. जीपची वाट वेगळी. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख असलेले के. सी. महिंद्र यांची तिथे जीपचं इंजिन घडवणारे बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. १९४७ मध्ये जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत मुंबईला आल्या आणि मग महिंद्रा कंपनी माझगावला जीप जोडू लागली. १९५३ नंतर सरकारने नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना थारा दिला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग आटत गेले. जीपचे भाग मात्र इथेच बनू लागले. खेड्यापाड्यांत जीप उरली त्याचं मोठं कारण हे.

दुसरं कारण तिच्या बांधणीत आहे. युद्धकाळातल्या विलीजचं ‘गो-डेव्हिल’ इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला उभे असतात. हेड म्हणजे वरचं नुसतं झाकण. ते उचललं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह समोर दिसतात. नंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट उंच करावं लागलं. आपल्या डोळ्यांत भरलेली उंच नाकाची सीजे-थ्री-बी ती हीच. महिंद्राने अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं ती बनवली.

घरी काम काढायचं तर आधी पाने बघावेत. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो. नऊ-सोळांशच्या बोल्टवर १४ नंबर चढतच नाही. इंची पान्यांचा सेट, गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री तेल, आणि उघडलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी: एवढी शिस्त पाळली तरी पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो.

खरी परीक्षा इथून पुढे, आणि ती वऱ्हाडची भूमी घेते. इथली काळी माती पावसात चाकाला, पाट्यांना, चासीच्या कोपऱ्यांना लिंपून बसते. वरून वाळली तरी आत ओल धरते आणि पत्रा आतून खाते. युद्धकाळातल्या विलीजच्या फ्लोअरखालच्या पन्हाळीसारख्या आडव्या पट्ट्यांत लाकडी ठोकळे असत. ते कुजले की गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून लांबी भरून रंग मारण्याआधी गाडीखाली आडवं होऊन प्रत्येक सांधा टोच्याने टोचून पाहायला हवा. पोकळ आवाज आला तर तो पत्रा कापून नवा जोडणं हाच इलाज.

मग पाणी. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, तसंच इंजिनालाही नाही. वर्षानुवर्षं ते रेडिएटरमध्ये पडलं की ब्लॉकच्या आत क्षारांचा थर साचतो, पाणी फिरायच्या वाटा अरुंद होतात आणि गाडी तापू लागते. अशा वेळी रेडिएटर बदलून काही साधत नाही. ब्लॉकच्या बाजूचे प्लग काढून आतला गाळ तारेने खरवडावा लागतो. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरावं.

तिसरं ऊन. पारा ४५ च्या पुढे गेला की इंजिनाला चिकटलेल्या पंपात, पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून थांबणं हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही चालतो. कायमचा उपाय म्हणजे पाइप मॅनिफोल्डपासून लांब घ्यायचा आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढवायचं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणी शोषतं. पंपाचा पडदा, होज, कार्बोरेटरचे वायसर इथेनॉल सोसणारे घालावेत. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल तसंच ठेवू नये. धुळीसाठी मात्र जीपकडे स्वतःचीच चांगली सोय आहे: तेलाच्या भांड्यातून हवा गाळणारा एअर क्लीनर. तेल बदलत राहिलं की तो आपलं काम नीट करतो.

एवढं झाल्यावर मोठा प्रश्न उरतो: मूळ रूप कोणतं धरायचं? पेट्रोल महाग झालं तशी देशभर असंख्य जीपांना डिझेल इंजिनं बसली. वऱ्हाडही त्याला अपवाद नव्हता. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, खासगी वापरातल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रस्त्यावर काढायची ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेल्या गाडीला, तसंच धंद्याच्या ट्रकला त्यात जागा नाही.

नियम मूळ रूपाची कदर करतो, ते योग्यच आहे. जिचं पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी अजून जागेवर आहे, तिच्यात आता कुणी हात घालू नये. पण डिझेल घातलेली जीप बिघडवलेली म्हणून भंगारात काढणं मला पटत नाही. तिच्या इंजिनाचे बदललेले माउंटिंग, लेथवर घडवलेले जोड, चार वेळा बदललेले पाटे यांत आपल्या मिस्त्र्यांची अक्कल साठलेली आहे, आणि ती कुठल्याही अमेरिकी पुस्तकात सापडणार नाही. अशी गाडी घरी असेल तर आहे तशी दुरुस्त करावी. कोणता भाग कधी, कुणी, का बदलला हे वहीत लिहावं.

आणि त्या मिस्त्र्यांना आयटीआयच्या वर्गात बोलवावं. स्कॅनर लावून दोष वाचायला शिकणाऱ्या पोरांनी एकदा विलीजचं हेड उतरवून व्हॉल्व्ह स्वतः लॅप करावेत. टायमिंग चुकलं की काय होतं हे हाताला कळलं, तर पुढचं कुठलंही इंजिन त्यांना परकं वाटणार नाही. गाडी एकाच्या दारात राहील, पण ही विद्या सगळ्या वऱ्हाडाच्या कामी येईल.