ॲक्वापोनिक्स म्हणजे काय? मासे आणि भाज्या एकाच पाण्यात कशा वाढतात?

गच्चीवर निळा ड्रम, त्यात मासे आणि वरच्या ट्रेमध्ये हिरवागार पालक, असा रील तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. माती नाही, रासायनिक खत नाही. बघून वाटतं, शनिवारी सामान आणू आणि रविवारी मासे सोडू. नेमकं इथेच अनेकांचं गणित चुकतं आणि थोड्याच दिवसांत मासे मरायला लागतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे आज समजून घेऊया.

ॲक्वापोनिक्स म्हणजे नेमकं काय?

मत्स्यपालन आणि मातीशिवाय केलेली शेती, म्हणजे हायड्रोपोनिक्स, या दोघांची जोडी म्हणजे ॲक्वापोनिक्स. टाकीतलं पाणी पंपाने खडी भरलेल्या वाफ्यात चढतं. झाडं त्यातलं खत घेतात आणि पाणी परत टाकीत येतं. तेच पाणी फिरत राहतं, म्हणून मातीतल्या शेतीपेक्षा पाणी खूप कमी लागतं. आजच्या पद्धतीवर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. संयुक्त राष्ट्रांच्या एफएओ या संस्थेनेही २०१४ मध्ये लहान युनिटसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली.

खरं काम करतात जिवाणू

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांसाठी विष आहे. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. पण नायट्राइटसुद्धा घातक असतं. ते रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही. मग पाण्यात हवा असूनही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. पुढे नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि हेच झाडांचं खत.

आता लक्षात आलं? नव्या ड्रममध्ये हे जिवाणू पुरेसे नसतातच. ते खडीवर वाढायला साधारण ३ ते ५ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. रीलमध्ये हा महिना दिसत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नसतं!

मासे आणण्याआधी काय करायचं?

१. नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर ड्रम १-२ दिवस उघडा ठेवा आणि एअर पंप चालू ठेवा.
२. खडीवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर ती चुनखडीची आहे, घेऊ नका. आपल्याकडची काळ्या दगडाची खडी धुऊन वापरली तर चालते.
३. पंप चालू करा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल. ओळखीच्या कुणाच्या निरोगी फिशटँकमधला जुना फिल्टर स्पंज मिळाला तर काम लवकर होतं.
४. टेस्ट किटने दर २-३ दिवसांनी पाणी तपासा आणि आकडे मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट. खाद्य टाकत असतानाही दोन्ही शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसायला लागलं, की मासे आणा.

किती मासे, किती झाडं?

इथे मोजायचं असतं ते खाद्य. पालेभाजीच्या १ चौरस मीटर वाफ्याला रोज साधारण ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य, असा एफएओचा हिशोब आहे. २०० लिटरच्या ड्रमसोबत अर्धा चौरस मीटर वाफा धरला तर रोज २० ते २५ ग्रॅम. मोठे मासे रोज आपल्या वजनाच्या १-२ टक्के खातात, म्हणजे एकूण १ ते २ किलो मासे पुरे. सुरुवात त्याहून कमीने करा. पहिल्यांदा पालक, पुदिना, लेट्यूस लावा. टोमॅटो, मिरची नंतर.

माशांमध्ये गोल्डफिश किंवा कोई सोपे. थाई मागूर घेऊ नका, त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे. तिलापियासाठी मत्स्य विभागाचे नियम आधी विचारा.

या चुका टाळा

• लाईट गेली की पंप बंद आणि ऑक्सिजन कमी. बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून हवाच.
• कीटकनाशक फवारू नका. ते पाण्यात उतरून माशांपर्यंत जातं.
• उरलेलं खाद्य लगेच काढा, नाहीतर तेही कुजून अमोनिया वाढवतं.
• पीएच ७ च्या आसपास ठेवा. मासे, झाडं आणि जिवाणू तिघांनाही तो चालतो.
• नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. माशांच्या खाद्यातून ते पुरेसं मिळत नाही, चिलेटेड आयर्न वेगळं घालावं लागतं.
• २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर खडी वेगळी. गच्चीवर ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारा.

थोडक्यात काय, तर हा सेटअप विकत घेऊन लगेच चालू होणारं गॅजेट नाही. आधी जिवाणू, मग मासे, हा क्रम पाळा. एक महिना रिकाम्या पाण्याकडे बघत बसायची तयारी असेल, तर पुढे मासेही जगतील आणि घरचा पालकही ताटात येईल!