घड्याळ कोणाच्या हाती? युरोपातील घरून कामाचे कायदे आणि आपण

माणूस कुठे बसून काम करतो याला मी दुय्यम मानतो. त्याचा कामाचा दिवस कधी सुरू होतो, कधी संपतो आणि हे ठरवताना त्याचे मत कोणी विचारते का, हे मी आधी पाहतो. पिंपरी-चिंचवडच्या कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे ही सवय जडली आहे आणि आता ती सुटणार नाही. महामारीनंतर घरून कामावर आपल्याकडे जे लिखाण झाले, त्यात लॅपटॉप, सोफा, उत्पादकता, संस्कृती असले शब्द खंडीभर सापडतात. कामाचे तास हा शब्द शोधावा लागतो. म्हणून यंदाच्या आढाव्यासाठी मी युरोप निवडला. तिथे या प्रश्नाला कायद्याचे रूप आले आहे आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या वकुबाप्रमाणे दिले आहे.

दुसरे कारण घराजवळचे आहे. मी राहतो तो घोरावाडी स्टेशनचा परिसर. एकेकाळी इथून पहाटेची लोकल पकडणारा माणूस कारखान्यात जाई. आता तळेगाव-सोमाटण्याच्या नव्या इमारतींतली मुले हिंजवडीला जातात आणि कोणाकोणाची मुले डब्लिन, आइंडहोवन, म्युनिक इथे नोकरीला आहेत. सुट्टीवर आलेली ही मुले तिथल्या नियमांबद्दल बोलतात तेव्हा इथले त्यांचे वर्गमित्र गप्प होतात. दोघांची पदवी एक, काम एक, कित्येकदा प्रकल्पही एकच. फरक पडतो तो कायद्यामुळे.

युरोपातील या सगळ्या कायद्यांचे मूळ महामारीत नाही. 16 जुलै 2002 रोजी युरोपातील कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांनी दूरस्थ कामाचा एक चौकट-करार केला. घरून काम दोन्ही बाजूंना ऐच्छिक, कार्यालयातल्या सहकाऱ्याइतकेच हक्क, साधने पुरवण्याची जबाबदारी साधारणपणे मालकाची आणि कामगाराच्या खासगीपणाचा मान, ही त्याची कलमे. त्याच्याही खाली 2003 च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशाचा पाया आहे. आठवड्याला सरासरी 48 तासांची कमाल मर्यादा आणि दर 24 तासांत सलग 11 तास विश्रांती. मे 2019 मध्ये स्पेनमधून आलेल्या एका दाव्यात युरोपीय न्यायालयाने सांगितले की, रोजचे कामाचे तास मोजण्याची विश्वासार्ह व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे. मोजलेच नाही तर मर्यादेला अर्थ नाही. हे वाक्य मी आमच्या गेटसभांत वेगळ्या शब्दांत किती वेळा बोललो असेन!

फ्रान्सपासून सुरुवात करू. ऑगस्ट 2016 च्या कामगार कायद्याने 'संपर्क तोडण्याचा हक्क' दिला आणि तो 1 जानेवारी 2017 पासून लागू झाला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने कामाच्या वेळेबाहेरचे फोन आणि ईमेल याबद्दल कामगार प्रतिनिधींशी वाटाघाट करायची. कायद्याने वेळापत्रक लादले नाही, वाटाघाट लादली. आपल्याकडच्या काही व्यवस्थापन-पंडितांना ही पळवाट वाटते. त्यांनी कधी वाटाघाटीच्या टेबलावर बसून पाहिलेले नाही. जिथे संघटना जिवंत आहे, तिथे वाटाघाटीतून निघालेला नियम वरून आलेल्या परिपत्रकापेक्षा जास्त टिकतो, कारण तो पाळला जातो की नाही हे पाहणारी माणसे त्याच मजल्यावर असतात.

पोर्तुगालने याच्या पुढचे पाऊल टाकले, आणि माझ्या मते सगळ्या युरोपात सर्वांत सुंदर पाऊल तेच आहे. 1 जानेवारी 2022 पासून तिथे विश्रांतीच्या वेळात कामगाराशी संपर्क न साधणे हे मालकाचे कर्तव्य झाले. फ्रान्समध्ये फोन न उचलण्याचा हक्क कामगाराने वापरायचा. पोर्तुगालमध्ये मुळात फोनच करायचा नाही. नोकरीत नवखा असलेला, कर्जाचे हप्ते फेडणारा पोरगा हक्क वापरायला कचरतो, साहेबाचा फोन वाजला की उचलतोच. म्हणून जबाबदारी ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यावर टाकणे हेच न्यायाचे. घरून काम करणाऱ्याचा वाढीव विजेचा आणि इंटरनेटचा खर्च मालकाने द्यायचा, आणि माणूस एकटा पडू नये म्हणून निदान दर दोन महिन्यांनी प्रत्यक्ष भेट घडवायची, हेही त्याच कायद्यात आहे.

स्पेनचा 2021 चा कायदा नेटका आहे: तीन महिन्यांच्या काळात 30 टक्के वेळ घरून काम झाले की लेखी करार आवश्यक आणि खर्च मालकाचा. बेल्जियमने फेब्रुवारी 2022 पासून आधी केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांना संपर्क तोडण्याचा हक्क दिला आणि नंतर वीस व अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांकडे तो नेला. चार दिवसांच्या आठवड्याचा तिथे गाजावाजा झाला, पण त्यात तास तेवढेच राहतात, फक्त चार दिवसांत कोंबले जातात. इटलीत 2017 पासून वैयक्तिक कराराची पद्धत आहे. पोलंडमध्ये एप्रिल 2023 पासून वर्षाला 24 दिवस प्रासंगिक घरून कामाची सोय आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळेची विनंती करता येते. यांवर अधिक शाई खर्च करत नाही.

आयर्लंडवर मात्र थांबायला हवे. मार्च 2024 पासून तिथे दूरस्थ कामाची विनंती करण्याचा कायदेशीर हक्क आहे. मालकाने विनंतीचा विचार करायचा, मुदतीत उत्तर द्यायचे, नकाराची कारणे लिहायची. पण कारणे योग्य आहेत का, हे तपासण्याचा अधिकार तिथल्या कामगार आयोगाला दिलेला नाही. अर्ज करण्याच्या हक्काला मी हक्क म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये कामाचे ठिकाण निवडण्याला बळ देणारा कायदा खालच्या सभागृहाने 2022 मध्ये संमत केला आणि सप्टेंबर 2023 मध्ये वरच्या सभागृहाने फेटाळला. युरोप म्हणजे कामगारांचा स्वर्ग, असे सांगणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

फिनलंडने या साऱ्यांपेक्षा शांतपणे आणि आधी काम केले. तिथल्या 1996 च्या कायद्यापासून कामाची सुरुवात आणि शेवट तीन तासांपर्यंत मागेपुढे करण्याची सोय होती. जानेवारी 2020 पासून, म्हणजे महामारी येण्यापूर्वीच, निदान निम्मे तास कधी आणि कुठे करायचे हे कामगाराने ठरवण्याचा कराराचा मार्ग खुला झाला.

आता जर्मनी, आणि माझ्या जिव्हाळ्याचा विषय. तिथे घरून कामाचा सरसकट हक्क आजही नाही; वर्षाला 24 दिवसांचा प्रस्ताव मंत्र्यांनी आणला होता, तो बारगळला. पण तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने 8 डिसेंबर 2021 रोजी दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. एक कामगार सकाळी बिछान्यातून उठून थेट खालच्या मजल्यावरच्या आपल्या कामाच्या खोलीकडे निघाला, जिन्यावरून घसरला आणि त्याचा मणका मोडला. विमा संस्थेने हात वर केले. न्यायालयाने म्हटले, तो कामावर निघाला होता, हा कामाचाच अपघात. घराच्या आत कामाची हद्द कुठे सुरू होते, याची इतकी नेमकी आखणी मी दुसरीकडे पाहिली नाही.

या जर्मनीतच लवचीक वेळेचा जन्म झाला आणि तो झाला वाहतुकीच्या कोंडीतून. क्रिस्टेल कामेरर या बाईंनी साठच्या दशकात कल्पना मांडली होती. 1967 साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुन इथे एका विमान कंपनीत ती प्रत्यक्षात आली. एकाच वेळी येणाऱ्या कामगारांनी रस्ते आणि फाटक तुंबत. कंपनीने ठरवले की, दिवसाच्या मधले ठरावीक तास सगळ्यांनी हजर राहायचे. त्याच्या आधी कधी यायचे आणि नंतर कधी जायचे ते ज्याचे त्याने पाहायचे, फक्त एकूण तास भरले पाहिजेत. कोंडी सुटली, उशिराचे शेरे थांबले, आणि तिथून ही पद्धत युरोपभर गेली.

हे मी वाचले तेव्हा पुणे-लोणावळा लोकल सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. 1978 मध्ये ती आली आणि मावळचा कामगार तिच्या वेळापत्रकावर जगू लागला. कामशेत, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड करत गाडी आकुर्डीला पोचेपर्यंत दारात लटकलेली माणसे असत. गाडी दहा मिनिटे उशिरा आली की अर्ध्या दिवसाचा खाडा. पट्ट्यातले कारखाने जवळजवळ एकाच वेळी भोंगा देत. आम्ही एका मोठ्या कारखान्याच्या व्यवस्थापनाला सुचवले की, निदान कार्यालयीन आणि देखभाल विभागांच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे करा; ओटोब्रुनचे उदाहरण टंकलिखित करून सोबत जोडले. उत्तर आले, यामुळे शिस्त बिघडेल. त्याच कारखान्याने पुढे कच्चा माल वेळेवर यावा म्हणून ट्रकांच्या वेळा तासातासाने विभागल्या.

तोच विषय आजही संपलेला नाही. मध्य रेल्वेने 2023 मध्ये मुंबईतल्या शेकडो कार्यालयांना पत्रे लिहून वेळा बदलण्याची विनंती केली. दुपारच्या लोकलसाठी आमच्या मार्गावरचे प्रवासी वर्षानुवर्षे मागणी करत आले आहेत. हिंजवडीच्या रस्त्यांवर रोज किती तास जळतात, ते तिथे जाणाऱ्या कोणालाही विचारावे. उड्डाणपूल आणि मेट्रो हव्यातच. पण एका बैठकीत, एक रुपया खर्च न करता होणारा उपाय जर्मनांनी 1967 मध्ये करून दाखवला आहे.

मला राग येतो तो 'हे सगळे पाश्चात्त्यांचे चोचले' असे म्हणणाऱ्यांचा. कामगाराच्या वेळेवर कामगाराचा हक्क ही गोष्ट महाराष्ट्राने कोणाकडून उसनी घेतलेली नाही. 1884 च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात मागण्या होत्या: आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियांनी भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतल्या, 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवणाऱ्या या माणसाने संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्सच्या सव्वाशे वर्षे आधी मिळवला. फोन नव्हता, भोंगा होता, एवढाच फरक.

आणि घरून काम? सोलापूर, सिन्नर, संगमनेरच्या विडी कामगार बाया पिढ्यान्‌पिढ्या घरून काम करतात. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू, दोरा आणायचा. पाने भिजवायची, कापायची, घरातली कामे सांभाळून रात्रीपर्यंत वळायचे. मोजून नेऊन द्यायचे, आणि त्यातून छाट म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे सोडायचे. मजुरी हजार विड्यांवर. वीज, जागा, पाणी बाईचे. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. युरोपात दूरस्थ कामाचा करार व्हायला त्यानंतर 28 वर्षे लागली. अहमदाबादच्या 'सेवा' या स्त्री कामगारांच्या संघटनेच्या इला भट यांनी लावून धरल्यामुळे 1996 साली घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार क्रमांक 177 संमत झाला. फिनलंडने 1998 मध्ये त्याला सर्वप्रथम मान्यता दिली. आयर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, स्पेन मागून आले. भारताने आजवर दिलेली नाही. 1966 चा स्वतंत्र कायदा आता नव्या कामगार संहितेत विरघळला आहे आणि विडी कामगारांच्या कल्याण निधीचा उपकर 2017 मध्येच बंद झाला. ज्या बाईमुळे हा हक्क जगाच्या नकाशावर आला, तिच्या हातात दिवसेंदिवस कमीच उरते आहे.

शिकलेल्यांची स्थिती बरी म्हणावी, तर तसेही नाही. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची तरतूद आहे, पण परस्पर संमतीने. 2020 च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा निघाला, त्यात घरून काम प्रथमच आले, तेही नेमणुकीच्या अटींवर सोडून. जुलै 2022 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांत निम्म्या कर्मचाऱ्यांना वर्षभर परवानगी मिळाली. हे सगळे परवाने मालकाला आहेत. म्हणून एका सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने 2020 मध्ये 2025 पर्यंत फक्त पाव कर्मचारी कार्यालयात लागतील असे जाहीर केले आणि 2023 मध्ये सगळ्यांना परत बोलावले. दोन्ही वेळा कर्मचाऱ्याला विचारण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातले नव्हते. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. खासगी विधेयकाचा कायदा झाल्याची शेवटची वेळ 1970 ची. आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबर 2025 रोजी कारखान्यांत रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि दुकाने-आस्थापनांत 9 वरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. लोखंड्यांच्या राज्यात हे झाले, आणि त्यावर जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही. सत्तर तासांच्या आठवड्याची महती सांगणाऱ्या उद्योगपतींना टाळ्या मिळतात, तेव्हा मला आमच्या गेटसभांची ओस पडलेली मैदाने दिसतात.

माझ्या मागण्या चार आहेत. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग 11 तास विश्रांती लिहा. पोर्तुगालप्रमाणे त्या वेळेत संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाका. घरून कामाचा करार लेखी आणि खर्चासह करा, मग ती लॅपटॉपवरची अभियंता असो वा सोलापूरची विडी कामगार. आणि पिंपरी-चिंचवड ते तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात कामाच्या वेळा विभागून द्या. यातले चौथे काम करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. आपापल्या कंपनीत, आपापल्या प्रवासी संघात वाचकांनी हा विषय या वर्षी लावून धरावा, एवढे मागणे आहे.