हिरव्या पाण्याला उकळी पुरत नाही

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातील तलावांचे पाणी आटत खाली जाते, तळ उघडा पडतो आणि उरलेल्या उथळ पाण्यावर दिवसभर ऊन तळपते. अशा दिवसांत एखाद्या सकाळी वारा ज्या बाजूला लोटतो त्या काठाला हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर जमतो. गुरे मात्र त्याच काठाने पाण्यावर उतरतात.

दिसायला ते शेवाळ असले, तरी असा थर बहुधा सायानोबॅक्टेरियांचा, म्हणजे नील-हरित जिवाणूंचा असतो. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे. धानाच्या बांधीशी तर यांचे जुने नाते आहे. भारतीय भातखाचरांत हवेतील नत्र जमिनीला मिळवून देण्याचे काम हे जीव करतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. बांधीत उपकारक ठरणाऱ्या या कुळातील काही जाती साठलेल्या पाण्यात मात्र विष तयार करतात. मायक्रोसिस्टिस ही त्यांतली सर्वांत परिचित.

तिच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ती वर येते, ऊन खाते आणि खालच्या वनस्पतींचा उजेड अडवते. पाणी २५ अंशांच्या वर तापले, वारा पडला आणि स्फुरद भरपूर असले की तिची वाढ झपाट्याने होते. स्फुरद येते ते शेतातून वाहून आलेल्या डीएपी खतातून, सांडपाण्यातून, साबण-पावडरीतून आणि शेणातून. तिचे विष, मायक्रोसिस्टिन, थेट यकृतावर घाव घालते. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे फक्त १ मायक्रोग्रॅम.

पाणी गढूळ वाटले की उकळून प्यावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. कॉलरा-काविळीच्या जंतूंपुढे तो उपाय पक्का. मायक्रोसिस्टिन मात्र उकळीला दाद देत नाही. उलट पेशी फुटून विष पाण्यात उतरते आणि पाणी आटेल तसे ते दाट होते. २ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहराने सुमारे ४ लाख लोकांना बजावले: नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. ईरी सरोवरावरचा हिरवा थर शहराच्या पाणी उपशाच्या ठिकाणापर्यंत पोहोचला होता. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये याहून भयंकर घडले. नीट शुद्ध न झालेले धरणाचे पाणी डायलिसिससाठी वापरले गेले, विष थेट रक्तात गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले.

याहून जास्त लक्षात ठेवावी अशी घटना ऑस्ट्रेलियातील पाम बेटावरची आहे. १९७९ मध्ये तिथल्या धरणाच्या पाण्याला वास-चव येऊ लागल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून त्यात मोरचूद टाकण्यात आले. जिवाणू मेले, पाणी निवळलेले दिसू लागले आणि काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. मेलेल्या पेशींतून सुटलेले विष नळातून घरोघर गेले होते. हिरवा तलाव दिसला की त्यात पोतेभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किंवा मोरचूद ओतण्याचा मोह आपल्याकडेही होतो. तो आवरलाच पाहिजे. क्लोरीन हवेच, पण त्याची जागा शेवटची. आधी तुरटीने पेशी अखंड खाली बसवायच्या, वाळूच्या थरातून गाळायच्या, मग क्लोरीन द्यायचे. पाणी उपसायचे तेही थराखालून.

महाराष्ट्रात हिरव्या पाण्याचे ठळक उदाहरण उजनीचे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून या जलाशयात साठते आणि उन्हाळ्यात पाणी हिरवे, दुर्गंधीयुक्त होते. सोलापूर शहर मुख्यतः याच जलाशयावर अवलंबून आहे.

गोंदियाची गोष्ट वेगळी, कारण इथे एक मोठा जलाशय नाही, तर तलाव-बोड्यांचे जाळे आहे. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांधसारखे विस्तीर्ण तलाव ते बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या जलज्ञानाची साक्ष देतात. वरच्या तलावाचे पाणी बांध्यांतून खालच्या तलावात उतरते आणि बांध्यांतले खतही त्याच्याबरोबर उतरते. गावे पितात ते बहुतांशी विहिरी-बोअरचे पाणी आणि तेच धोरण योग्य आहे. पण पाळीजवळची उथळ विहीर तलावाच्याच झिरपणीवर भरते. गुरे, बदके आणि मासे तर थेट तलावाचेच.

थर कशाचा आहे, हे गावातच बऱ्यापैकी कळते. लांब काडी थरात बुडवून वर काढावी. साधे शेवाळ काडीला धाग्यांसारखे लोंबते. नील-हरित जिवाणू रंगाचा लेप बसावा तसे चिकटतात. दुसरी खूण: हातमोजा घालून ते पाणी काचेच्या बाटलीत भरावे आणि न हलवता रात्रभर ठेवावे. सकाळी हिरवे तळाशी बसले तर बहुधा शेवाळ. गळ्याशी हिरवे कडे जमले तर तो काठ गुरांना, अंघोळीला आणि मासेमारीला बंद करावा. या खुणांनी जीव ओळखता येतो, विष नाही.

मूळ उपाय तलावाच्या पोटातच आहे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर मच्छीमारांच्या संस्थांसोबत बेशरमची झुडपे उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. उद्देश मासे आणि पाखरांना आसरा देण्याचा होता. पण अशा वनस्पती पाण्यातले स्फुरदही शोषतात आणि जिवाणूंच्या तोंडचे अन्न काढतात. येव्याच्या तोंडाशी सांडपाण्याची नाली सोडलेली असेल, तर मात्र त्यांचेही काही चालणार नाही.

२०१२ च्या भारतीय पेयजल मानकात विषजनक जीव पाण्यात नसावेत असे म्हटले आहे, मायक्रोसिस्टिनची आकड्यातली मर्यादा नाही. गावोगाव दिलेले तपासणी संच क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराईड पाहतात; विष पाहत नाहीत. ते मोजायला महागडी यंत्रे लागतात, पण मायक्रोसिस्टिसच्या वेड्यावाकड्या वसाहती साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येतात. मार्च ते जून या काळात पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक तलावाचा आणि पाळीजवळच्या विहिरीचा थेंब जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दर पंधरवड्याला पाहिला गेला, तर गावाला थर जमण्याआधीच सावध करता येईल.