संगणकावरील तिकिटांचे दुकान

टपाल तिकिटांचा संग्राहक हा चोखंदळ ग्राहक असतो. दुकानात तो तिकीट चिमट्याने उचलतो, भिंगातून दातेरी कडा न्याहाळतो, उलटून मागचा डिंक पाहतो. इंटरनेटवरील दुकानात त्याला हे काहीच करता येत नाही. म्हणून विक्रेत्याने तिकिटाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे द्यावीत. देश, वर्ष, जलचिन्ह यांची नोंद करावी. १८५२ साली सिंध प्रांतात निघालेल्या ‘सिंध डाक’ तिकिटांच्या नकला पुष्कळ आहेत. तेथे नुसत्या ‘दुर्मीळ’ या शब्दावर कोण पैसे मोजील? कडेचा एखादा दात तुटला असल्यास तेही लिहावे. हे विक्रेत्याच्या जिवावर येते खरे. परंतु दोष लपविला, तर तिकीट परत येते, टपालखर्च अंगावर पडतो आणि संग्राहकांच्या लहानशा वर्तुळात ती वार्ता लगेच पसरते.